आत्याचा रुपया पिवळा का आणि हलका का

दिवाळीला तीन आठवडे होते. डिचोलीहून आत्याचा फोन आला आणि नेहमीचं ‘जेवलास काय’ न विचारता तिनं थेट सांगितलं, “आमचो रुपयो खोटो म्हण्टात.”

रुपया म्हणजे तिच्या देवघरातल्या तबकातला चांदीचा रुपया. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघतो, हळदकुंकू लावून घेतो आणि पुन्हा वर्षभर डबीत जाऊन बसतो. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याची पूजा करते आहे, आणि तिच्या आधी तिच्या सासूबाई करत होत्या.

झालं असं. आतेभाऊ लंडनहून सुट्टीवर आला होता. घरातली चांदी उजळायला सोनाराकडे नेली, त्यात हा रुपयाही गेला. शेटनी तो काट्यावर टाकला, कडेला कानस अगदी हलकी टेकवली, आणि खाली पिवळं दिसताच निकाल दिला: आत पितळ, वर चांदीचं पाणी. आतेभावानं तिथेच उभ्याउभ्या मोबाइलवर शोधलं. पोर्तुगीज रुपयाचं वजन १२ ग्रॅम असं त्याला सापडलं. काट्यावर भरले होते १०.९४. ग्रॅमभर कमी आणि रंग पिवळा. दोन पुरावे हाती आल्यावर तिसरा कोण शोधणार? शेट तेजाबाचा थेंब टाकून दाखवायलाही तयार होते. नशीब, आतेभावाला घाई होती.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे. आता निवृत्त आहे आणि जुन्या नाण्यांचा नाद आहे. पुढच्या रविवारी पिशवीत शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, व्यास मोजायचं व्हर्नियर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक जोरकस चुंबक आणि माझा व्हिक्टोरिया राणीचा १९०१ चा रुपया घालून म्हापशाहून बस पकडली.

आत्यानं रुपया तळहातावर ठेवला. एका बाजूला राजाचं मस्तक आणि खाली १८८१. दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल, भोवती ‘इंडिया पोर्तुगेझा’ आणि ‘उमा रुपिया’. पहिल्या नजरेला मलाही तो बरा वाटला नाही. राजाचं नाक जवळजवळ गेलेलं, केस सपाट, अक्षरं साबणाची वडी झिजावी तशी बोथट. अक्षरांच्या पोटात पिवळट छटा. शेटना दोष देण्याचं मला काही कारण दिसेना.

पण आधी १२ ग्रॅमचा प्रश्न. पोर्तुगीज रुपया असं एकच नाणं नाही. १२ ग्रॅम वजनाचा रुपया १९३५ चा आहे, आणि १९४७ चाही तेवढ्याच वजनाचा, फक्त त्यात चांदी निम्मी. १८८१ ची गोष्ट वेगळी. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि त्यानुसार गोव्याचं नाणं ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्याच्या मापात आलं. पोर्तुगालच्या लुईश राजाच्या तोंडवळ्याचे हे रुपये पाडले गेले कलकत्त्याच्या टांकसाळीत. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी हजारात ९१७. व्हिक्टोरियाच्या रुपयाचं मापही हेच. हेच तोळ्याचंही वजन, म्हणूनच आपली जुनी माणसं ‘रुपयाभार’ म्हणत. तेव्हा ग्रॅमभर नव्हे, ०.७२ ग्रॅम कमी होतं. सहा टक्के आणि थोडं वर.

चुकीच्या मापाशी तुलना केली की खरं नाणंही खोटं ठरतं. हे आतेभावाला सांगितलं तेव्हा त्याला पटलं, पण त्याचं म्हणणं होतं की ०.७२ तरी कुठं गेलं? प्रश्न रास्त होता. शेजारच्या ब्रिटिश मुलखात १९०६ च्या नाणे कायद्यानुसार दोन टक्क्यांहून जास्त झिजलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. दोन टक्के म्हणजे ०.२३ ग्रॅम. नुसतं बाजारात हातोहात फिरून सहा टक्के झिजणं मला पटेना. म्हणजे एकतर नाणं खोटं, नाहीतर त्याच्यावर बाजारापेक्षा वेगळं काही गुदरलेलं.

काटा खरा आहे का, हे आधी पाहिलं. २०११ पासून काही वर्षं निघालेल्या पाच रुपयांच्या नाण्याचं ठरीव वजन सहा ग्रॅम. त्यातली दोन न झिजलेली नाणी टाकली: ६.०० आणि ६.०१. माझा व्हिक्टोरिया ११.५८ भरला, किंचित झिजलेल्या रुपयाला शोभेल असा. आत्याचा रुपया तीन वेळा टाकला, तिन्ही वेळा १०.९४. शेटचा काटा चोख होता. मापात त्यांची चूक नव्हती.

आता पितळेचा हिशेब. घन सेंटीमीटरला चांदी १०.४९ ग्रॅम, तांबं ८.९६, रुपयाच्या मिश्रणाची घनता येते १०.३४. पितळ साडेआठाच्या आसपास. जर्मन सिल्व्हर, ज्यात नावापुरतीही चांदी नसते, तेही पावणेनऊच्या आतच. खऱ्या रुपयाचं आकारमान १.१३ घन सेंटीमीटर. तेवढाच रुपया पितळेचा केला तर तो भरेल ९.६ ग्रॅम. पितळेत १०.९४ भरायचे तर नाणं चौदा टक्के जाड किंवा रुंद हवं. व्हर्नियर लावलं. व्यास ३०.४ मिलिमीटर, माझ्या रुपयाइतकाच. जाडीसाठी दोन्ही रुपये काचेवर शेजारी ठेवून वरून सरळ पट्टी सरकवली, तर ती माझ्या रुपयाला अडली आणि आत्याच्या रुपयावरून निसटून गेली. म्हणजे तो पातळ निघाला! पातळ असूनही पितळेला जमणार नाही इतका जड. पितळेचा खटला इथेच अर्धा निकालात निघाला होता.

उरलेल्या अर्ध्यासाठी पाणी.

रीत जुनीच आहे, घरच्या घरी जमते. हलकी प्लॅस्टिकची वाटी, तिच्यात पाणी, वाटी काट्यावर, काटा शून्यावर. नाणं बारीक तंगुसाला बांधून वरून पाण्यात सोडायचं, असं की तळाला, भिंतीला कुठं टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवील ते नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. हवेतल्या वजनाला त्यानं भागलं की घनता. मी दोन खुर्च्यांच्या पाठींवर काठी आडवी टाकली आणि रुपया टांगला. पंखा बंद. आत्या देवघराच्या उंबऱ्यावर बसून बघत होती. तिला वाटलं असेल, रुपयाला फाशी देतो आहे की काय.

पहिला आकडा १.१३. भागाकार ९.६८.

मी गप्प झालो. हा आकडा पितळेचा नाही, पण चोख रुपयाचाही नाही. निम्मी चांदी आणि निम्मं तांबं घेतलं तर बरोबर इथेच येतो. ‘कमअस्सल चांदीत पाडलेली नक्कल’ असं मनात वाक्य तयारही झालं होतं. तोंडातून बाहेर पडलं नाही, एवढंच. भिंग घेऊन पाण्यात डोकावलो तर मुकुटाच्या आणि ढालीच्या कोनाकोपऱ्यात मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे चिकटलेले, चांगले तीसचाळीस. बुडबुडासुद्धा पाणी बाजूला सारतो आणि ते नाण्याच्या खात्यात जमा होतं. अवघ्या ०.०७ ग्रॅमचा खेळ, पण चांदीचा निम्मा कस खाऊन बसला.

“आत्या, रिठे आहेत?”

असणारच. चांदी धुवायला तिच्याकडे रिठ्याचं पाणी कायम असतं. तोवर पाणी उकळून, झाकून गार केलं, म्हणजे त्यातली विरघळलेली हवा गेली. रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब वाटीत, नाणं आधी त्याच पाण्यात बुडवून मऊ ब्रशनं दोन्ही बाजूंनी फिरवून घेतलं आणि मग टांगलं. १.०६. काढून, पुसून पुन्हा: १.०६. तिसऱ्यांदा १.०७. म्हणजे घनता १०.३२, फार तर १०.२२. ऑक्टोबरातलं कोमट पाणी ग्रॅमला किंचित कमी भरतं, त्याची वजावट केली तरी चित्र बदलत नाही. काट्याचा शेवटचा आकडा एकानं इकडेतिकडे झाला की घनता ०.१ नं हलते, हे धरूनच चालायचं. त्या मर्यादेत रुपया ९१७ कसाच्या चांदीशी जुळत होता. माझा व्हिक्टोरियाही त्याच वाटीत सोडला: १.१२, म्हणजे १०.३४.

एकट्या घनतेवर मात्र मी कधी सही करत नाही. शिसं ११.३४ आहे; तांब्यात बेतानं शिसं मिसळून कोणी १०.३ गाठू शकतो. पण शिशाचं नाणं वाजत नाही, थप्प करतं. आत्याचा रुपया बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीनं टिचकी मारली, तर माझ्या रुपयासारखाच लांबवर किणकिणला. चुंबक तिरप्या धरलेल्या नाण्यावरून सोडला, तो चांदीवर उतरतो तसा आळसावून उतरला. चांदी चुंबकाला ओढत नाही, पण सरकत्या चुंबकामुळे तिच्यात वीज फिरते आणि ती त्याला अडवते. पितळेवरून किंवा जर्मन सिल्व्हरवरून तो बराच चटकन घसरतो.

धातू चांदीच. मग पिवळं काय?

आत्याचं मत ठाम होतं: हळद. हे मत हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांची पूजा, अक्षरांच्या फटीत हळद बसणारच. कापसाच्या काडीला धुण्याचा साबण लावून ‘रुपिया’च्या अक्षरांवरून फिरवला, आणि काडी लालसर झाली. साबणानं हळद लाल होते, साडीवर डाग पडलेली प्रत्येक बाई हे जाणते. आत्यानं विजयी मुद्रेनं आतेभावाकडे पाहिलं.

पण चार काड्या फिरवल्यावर लाली थांबली आणि पिवळं राहिलं. आता ते मातकट नव्हतं, चकाकत होतं. भिंग लावून दाराशी उजेडात गेलो आणि तिथे पंधरा मिनिटं उभा राहिलो, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या पिवळ्याच्या जागेत होती.

पितळेवर चांदीचं पाणी दिलं असेल तर झीज कुठं होईल? उंचवट्यांवर. मुकुटाची बोंडं, अक्षरांची माथी, राजाचा गाल, इथली चांदी आधी जाईल आणि पितळ उघडं पडेल. उंच तिथे पिवळं, खोल तिथे पांढरं. या रुपयावर नेमकं उलटं होतं. माथी पांढरी शुभ्र आणि पिवळं फक्त खोलगट जागी: अक्षरांच्या मुळाशी, ढालीतल्या किल्ल्यांच्या कडेला, मुकुटाच्या कमानींखाली. म्हणजे पिवळं आत नव्हतं, वर होतं. चांदीवर कधीकाळी सोन्याचा मुलामा दिला होता. तो उंचावरून घासून गेला आणि खळग्यांत वाचला. चिंच आणि राख लावून दरवर्षी केलेली घासपूस वरवर जाते, खळग्यात पोचत नाही.

मग शेटना कानशीखाली दिसलेलं पिवळं? ती खूण कडेवर होती, मुकुटाच्या बरोबर वर. तिथे भिंग लावलं आणि शेटची चूक कशी झाली ते दिसलं. रुपयाच्या कडेला सगळीकडे उभे दाते आहेत. मुकुटावरच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत ते नाहीत. तिथे जुन्या कानशीच्या आडव्या रेघा, पार काळवंडलेल्या, आणि त्यांच्यात फिकट पिवळ्या धातूचा चपटा ठिपका. शेटची ताजी चकचकीत रेघ नेमकी त्या ठिपक्यावरून गेली होती. तो ठिपका म्हणजे झाळ. चांदीला जोड देताना झाळेत पितळ किंवा जस्त घालतात, त्यानं ती लवकर वितळते आणि रंग पिवळट येतो. मुकुटावर कडी झाळून बसवलेली होती. पुढं कधीतरी ती काढली आणि जागा कानसून सारखी केली. कडेवर दुसरी कुठलीही जागा शेटनी निवडली असती तर पांढरंच निघालं असतं. इतक्या मोठ्या परिघात कानस नेमकी तिथेच टेकली. बहुधा दाते नसल्यामुळे ती जागा आधीच संशयास्पद दिसली असणार. म्हणजे त्यांचा डोळा योग्य ठिकाणी गेला आणि निष्कर्ष चुकला.

रुपया एकेकाळी दागिना होता. हे एकदा मान्य केल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं.

बोथटपणाचंच बघा. ओतीव नक्कल असती तर दोन्ही बाजू सारख्याच मऊ दिसल्या असत्या, कारण साचाच मऊ. कडेवर साच्याची शिवण सापडली असती आणि सपाट भागावर ओतताना अडकलेल्या हवेच्या बारीक खळ्या. इथे खळ्या नाहीत, शिवण नाही, आणि ढालीच्या बाजूला, विशेषतः मुकुटाच्या आडोशाला, ठोकून पाडलेल्या नाण्याची मूळ तकाकी अजून आहे. सगळी झीज राजाच्या बाजूला. हार घालणारीनं ढाल बाहेर ठेवली आणि राजाला छातीशी. मुद्दाम की सोनारानं कडी तशी बसवली म्हणून, कोण सांगणार. घाम, चोळीचं कापड, शेजारच्या रुपयांचं घासणं, रोजचा चालण्याचा हेलकावा, याखाली महाराजांचं नाक गेलं.

पण एका बाजूच्या झिजेनं पाऊण ग्रॅम जाऊ शकतो का? आतेभावाला हेच खटकत होतं, म्हणून कागदावर मांडून दाखवलं. ०.७२ ग्रॅम भागिले १०.३४, म्हणजे ०.०७ घन सेंटीमीटर धातू गेला. रुपयाच्या एका तोंडाचं क्षेत्रफळ ७.३ चौरस सेंटीमीटर. तो सगळ्या तोंडावर पसरला तर जाडी येते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित कमी. वहीच्या एका कागदाएवढी! नाक, गाल, केस आणि अक्षरांची माथी मिळून एवढा धातू जाणं मुळीच अवघड नाही. थोडा कडी कानसताना गेला असेल. मुलामा आता खळग्यांत तेवढा उरलेला, त्याचं वजन हिशेबात दिसतही नाही. आणि काचेवरची पट्टी या रुपयावरून का निसटली तेही यातच आलं.

इथवर पोचल्यावर मी आत्याला विचारलं, घरात कोणाकडे रुपयांचा हार होता का?

“आजेसासूबाईंकडे होता ना,” ती म्हणाली, जणू हे मला ठाऊकच असायला हवं होतं. “सोन्यासारखा दिसायचा. पुतळ्यांची माळ परवडली नाही म्हणून रुपयांना सोन्याचं पाणी दिलेलं. वाटण्या झाल्या तेव्हा तोडला आणि सुनांना एकेक रुपया दिला.”

मी काटा पिशवीत भरत होतो, तो तसाच हातात राहिला. हे फोनवर सांगितलं असतंस तर? “तू विचारलंस खंय?” आत्या म्हणाली. तिचं बरोबर होतं. येताक्षणी आधी तिला बोलतं करायला हवं होतं, वाटीबुडबुडे नंतर. तरी तेवढ्यावर मी विसंबलो नसतो. हारातला रुपया सोनाराकडच्या एखाद्या फेरीत बदललाही गेला असता, आणि गोष्ट खरी असून नाणं खोटं निघालं असतं.

आतेभावाचा पुढचा प्रश्न किमतीचा. कडी झाळलेलं, मुलामा दिलेलं आणि एका बाजूनं घासलेलं नाणं संग्राहक पहिल्या पसंतीनं घेत नाहीत. चांदी म्हणाल तर ९१७ च्या कसानं दहा ग्रॅम. त्याला तो लंडनला न्यायचा होता, तेही जमणार नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, आणि अशी वस्तू कोणाही खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्यानं थोडा वेळ रुपयाकडे पाहिलं आणि आईच्या हातात दिला.

चिंच-राख बंद करायला सांगितली. खळग्यांत जे सोनं उरलं आहे ते राहू दे; रिठ्याच्या पाण्यात बुडवून मऊ फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. आत्यानं मान हलवली. पाळेल की नाही देव जाणे. काळवंडलेली लक्ष्मी तिला चालत नाही.

आठवड्यानं पेडण्याच्या काकूंकडून आतेभावाच्या मोबाइलवर फोटो आला. त्यांच्या वाटणीचा रुपया, तोही १८८१ चाच, मुकुटावर कडी अजून शाबूत आणि मुलामा बऱ्यापैकी टिकलेला. त्यांनी तो गावातल्या सोनाराकडे तोलूनही घेतला होता. आतेभावाचा मला लगेच फोन.

“दादा, ह्याचं वजन बारा ग्रॅमच्या वर जातंय. हा जास्त कसा? खोटा तर नसेल?”

“कडीसकट तोललाय काय रे?”

पलीकडे शांतता. मग आत्याचा आवाज मागून आला, “त्याला म्हण, रिठे घेऊन ये.”